धुपदाळला वर्ग नेताना: गाडी ठरवण्याआधीची कामं आणि त्यांचा क्रम

दसऱ्याची सुट्टी संपली की सीमाभागातल्या शाळांत सहलीचा विषय निघतो. कुणीतरी घटप्रभा पक्षी अभयारण्याचं नाव सुचवतं आणि गाडी ठरते. सकाळी अकराला मुलं अभयारण्यातल्या धुपदाळच्या बंधाऱ्यावर उतरतात, पाण्याच्या मधोमध चमकणारे काळे ठिपके बघतात, बिस्किटं खातात आणि गोकाकच्या धबधब्याकडे निघतात. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' हा निबंध.

हे टाळायचं तर क्रम उलटा करावा लागतो: आधी प्रश्न, मग जागा, मग वेळ, आणि सगळ्यात शेवटी गाडी. पुढचे टप्पे पाचवी ते नववीच्या, जास्तीत जास्त ४० मुलांच्या वर्गासाठी आहेत. ऐंशी मुलं असतील तर दोन वेगळे दिवस घ्या. दोन गाड्या एकाच दिवशी नेल्या तर पाण्याकाठी दोन वर्ग होत नाहीत, एक जत्रा होते.

१. प्रश्न ठरवा, मग जागा निवडा

'पक्षी बघणे' हा प्रश्न नव्हे. मुलांना तिथे उभं राहून, डोळ्यांनी बघून उत्तर काढता येईल असा एकच प्रश्न घ्या. तीन नमुने:

पाय किती लांब आणि पक्षी किती खोल पाण्यात उभा राहतो?
उघडं पाणी, उथळ चिखल, पाणकणसाची (पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताची) बेटं आणि काठावरची झाडं, यांपैकी कुठे कोण जास्त?
तळ्यातल्या पाण्यात बारीक जीव कोणते, आणि ते पाण्याबद्दल काय सांगतात?

पहिले दोन प्रश्न धुपदाळला जमतात. बंधाऱ्यामुळे पाणी पसरतं, कडेला उथळ भाग मिळतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत स्थलांतरित पक्षीही असतात. तिसरा प्रश्न मात्र तिथे नेऊ नका. घटप्रभा हे १९७४ पासूनचं अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यातून काही पकडणं, उचलणं, तोडणं चालत नाही. पडलेलं पीससुद्धा वहीत चिकटवायला आणायचं नाही. चाळणी घेऊन पाण्यातले किडे बघायचे असतील तर गावचा तलाव घ्या आणि ग्रामपंचायतीला तसं लेखी कळवा.

अंतराचा नियम सोपा आहे. एका बाजूचा प्रवास दीड-पावणेदोन तासांपेक्षा जास्त नको. बेळगाव, हुक्केरी, संकेश्वर, चिक्कोडीकडच्या शाळांना धुपदाळ या हिशेबात बसतं. खानापूरच्या आतल्या गावांतून निघालात तर मुलं पोहोचेपर्यंत दमतात आणि ऊनही चढतं. त्यांनी जवळचा तलाव घ्यावा. वीस प्रकारचे पक्षी असलेला गावतलाव शांतपणे दोन तास बघणं हे दूरच्या अभयारण्यात अर्धा तास फिरण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

नेहमीची चूक: एकाच दिवसात धुपदाळ आणि गोकाकचा धबधबा. दोन्ही जवळ आहेत, म्हणून मोह होतो. पण धबधबा बघायचा जुलै ते सप्टेंबरात, पाणी असताना. पक्षी बघायचे थंडीत. शिवाय पुढे धबधबा आहे हे कळलं की मुलांचं पाण्याकाठी लक्ष राहत नाही. वेगळे ठेवा.

२. तीन आठवडे आधी: कागद

शाळा सुधारणा समितीचा ठराव आणि क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी ही नेहमीची कामं. ती इथे वाढवत नाही. अडतं ते वन खात्याच्या अर्जापाशी.

अर्ज वन परिक्षेत्र कार्यालयाच्या नावाने, कन्नडमध्ये लिहा. शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांकडून लिहून घ्या, एका पानाचा. त्यात तारीख, येण्याची आणि निघण्याची वेळ, मुलं व मोठी माणसं यांची संख्या, इयत्ता, दुर्बिणी-कॅमेरे किती, आणि मुलं नेमकं काय करणार, हे हवं. 'शैक्षणिक सहल' एवढंच लिहिलं की अर्ज इतर शंभर अर्जांत जातो. 'पाणपक्ष्यांची मोजणी, सकाळी पावणेआठ ते सव्वादहा, पाण्यात उतरणार नाही' असं लिहिलं की वनरक्षक सोबत देण्याचा विचार होतो. वनरक्षक मागाच. कुठला काठ खचलेला आहे आणि या आठवड्यात पक्षी कुठे बसतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पालकांच्या संमतीपत्रात फक्त सही घेऊ नका. चार गोष्टी विचारा: दमा, फिट, गाडी लागणं, मधमाशी चावल्यावर पूर्वी अंग सुजणं किंवा धाप लागणं. शेवटचा प्रश्न बहुतेक पत्रांत नसतोच, आणि खरी गरज त्याचीच असते.

तपासा: मंजुरीची प्रत, संमतीपत्रं आणि मुलांची क्रमांकवार यादी, तिन्हींच्या दोन प्रती. एक सोबत, एक शाळेत.

३. आठवडाभर आधी: पाहणी, त्याच वेळी

दोन शिक्षकांनी जाऊन यायचं, आणि तेही ज्या वेळी मुलं पोहोचणार त्याच वेळी. दुपारी पाहणी करून सकाळचा बेत आखला तर दोन गोष्टी हमखास फसतात: सूर्य आणि पक्ष्यांची जागा.

सूर्य पाठीशी असेल अशी उभं राहण्याची जागा शोधा. सकाळी तोंड पूर्वेला केलं की पाणी चमकतं आणि रंगीत करकोचासुद्धा काळी आकृती होऊन बसतो. पाठीशी ऊन घेतलं की तोच पक्षी गुलाबी पिसांसकट दिसतो. अशा तीन जागा नक्की करा, एकमेकींपासून १००-१५० मीटरवर, प्रत्येक जागी १२-१५ मुलं बसतील एवढ्या.

पाण्याची पातळी बघा. वर हिडकलच्या धरणातून पाणी सुटलं की धुपदाळचं पाणी बदलतं. पातळी वाढली तर उथळ चिखल बुडतो आणि त्यावरचे शेकाटे, तुतवार हे काठचे पक्षी दुसरीकडे जातात. पाटबंधारे खात्याच्या माणसाला 'पुढच्या आठवड्यात पाणी सोडणार काय?' एवढं विचारून या. जाण्याच्या आदल्या दिवशी वनरक्षकाला फोन करून पुन्हा खात्री करा.

आग्या मोहोळ शोधा. बंधाऱ्याची कमान, पाण्याची टाकी, मोठं वडाचं-पिंपळाचं झाड, सगळीकडे वर बघा. मोहोळ असेल तर ती वाट सोडून द्या. 'लांबून जाऊ' असं ठरवू नका. चाळीसातला एक जण दगड मारतोच.

शौचालय बघा, म्हणजे प्रत्यक्ष दार उघडून, नळ सोडून बघा. बरोबर मुली असतात, आणि 'तिथे असेल काहीतरी' यावर बेत चालत नाही. सोय नसेल तर वाटेतल्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. येताना-जाताना दोन्ही वेळा थांबायचं. एक बादली, मग, साबण आणि सॅनिटरी पॅड शिक्षिकेच्या पिशवीत.

दवाखाना बघा. गोकाकच्या तालुका रुग्णालयाला किती मिनिटं लागतात ते गाडीने मोजा. सापाच्या विषावरची लस तिथे आहे ना, हे तोंडी विचारून घ्या.

सावधान: कृष्णेकाठच्या गावांना मगर नवीन नाही. अथणी, रायबाग, चिक्कोडी पट्ट्यातल्या शाळांनी नदीकाठ घेण्यापेक्षा तलाव घ्यावा. नदीकाठच घ्यायचा तर मच्छिमारांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नका.

४. शाळेतले दोन तास

हा टप्पा सर्रास गाळला जातो. दुर्बीण पहिल्यांदा हातात आली की मूल पहिली वीस मिनिटं फक्त ती बघतं. ती वीस मिनिटं शाळेच्या मैदानावर घालवा.

दुर्बीण ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० बाय ५० जड असते, मुलांच्या हातात हलते, आणि आकार वाढला तरी चित्र थरथरतं. चार मुलांत एक पुरते.

मैदानाच्या टोकाला, साधारण ५० मीटरवर, ठळक अक्षरांचा कागद खांबाला बांधा. मग या क्रमाने:

पट्टा आधी गळ्यात. त्याशिवाय दुर्बीण हातात द्यायची नाही.
मधली बिजागरी दाबून-उघडून दोन गोलांचा एक गोल करायचा. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं. मोठ्यांनी लावलेली दुर्बीण त्यांना तशीच चालत नाही.
चष्मा असेल तर डोळ्याकडचं रबर आत दुमडायचं.
उजवा डोळा मिटून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षर स्पष्ट करायचं.
डावा मिटून, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून त्या डोळ्याला स्पष्ट करायचं. त्यानंतर फक्त मधलं चाक.
आणि मुख्य गोष्ट: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. दुर्बिणीतून पक्षी शोधत फिरलं की फक्त आभाळ आणि गवत दिसतं.

सूर्याकडे दुर्बीण कधीच नाही. हे तीनदा म्हणून घ्या.

दुसऱ्या तासाला पक्ष्यांची नावं पाठ करायला लावू नका. दहा-बाराच घ्या, आणि तक्त्यावर मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही नावं लिहा, सगळी नागरीत. वनरक्षक 'मिंचुळ्ळी' म्हणाला तर तो खंड्याबद्दल बोलतोय हे मुलांना कळायला हवं. बेळ्ळक्की म्हणजे बगळा, नीरुकागे म्हणजे पाणकावळा, कोक्करे म्हणजे करकोच्या-बगळ्यांचं सरसकट नाव. निम्म्या मुलांना घरी-शेजारी हे शब्द माहीतच असतात. तेच तास चालवतात, शिक्षकांनी बाजूला व्हावं.

गोंधळ होतो अशा जोड्या मात्र शिकवा. वारकरी आणि टिबुकली दोन्ही काळपट, दोन्ही पाण्यावर. वारकऱ्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो, तो थव्याने तरंगतो. टिबुकली लहान, गोळ्यासारखी, आणि बघता बघता बुडी मारते. दुसरीकडेच वर येते. म्हणून तिची मोजणी दोनदा होते. बुडी मारणाऱ्यांना मोजताना एक मूल फक्त 'खाली गेली, वर आली' एवढंच सांगायला ठेवा.

५. कपडे, पिशवी, डबा

गणवेशाचा पांढरा शर्ट पाणपक्ष्यांना लांबून दिसतो. वरून मळकट रंगाचा स्वेटर घालायला सांगा, थंडीला तो लागतोच. चप्पल नको, कॅनव्हासचे बूट आणि मोजे. टोपी. अत्तर आणि वासाचं तेल त्या दिवशी नाही, मधमाशांसाठी.

डबा कोरडा: चपाती, कडक भाकरी, शेंगाचटणी, चुरमुऱ्यांचा चिवडा. दहीभात चालतो, पण त्याला हात धुवायला पाणी जास्त लागतं. कुरकुऱ्यांची पाकिटं शाळेतच काढून ठेवा. त्यांचा आवाज पाण्यावर लांब जातो आणि पाकिटं वाऱ्याने पाण्यात जातात. प्रत्येकी एक लिटर पाणी, वर २० लिटरचे दोन जार गाडीत.

शिक्षकांच्या पिशवीत: प्रथमोपचार पेटी, साबण, १५ मीटर जाड दोरी आणि बूच घट्ट लावलेला रिकामा ५ लिटरचा कॅन. दोरीचं एक टोक कॅनच्या मुठीला आधीच बांधून ठेवा. कुणी पाण्यात पडलं तर उडी मारायची नाही, हा कॅन फेकायचा. काठचा गाळ मोठ्या माणसालाही धरून ठेवतो.

६. जाण्याचा दिवस: वेळेचा हिशेब

डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. बेळगावहून सहाला निघून पावणेआठला पोहोचायचं. याहून लवकर नको, कारण हा गाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर पहाटे रस्त्यावर असतात, मागे दिवा असेलच असं नाही, त्यात धुकं. ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगा: घाई नाही, उशीर झाला तर आमचा एक थांबा कमी करू.

मोजणी पाच वेळा: गाडीत चढताना, उतरल्यावर, काठाकडे निघताना, डब्याआधी, परत चढल्यावर. शिक्षकाने बोटाने मोजायचं नाही. प्रत्येक मुलाला क्रमांक द्या आणि १ पासून ४० पर्यंत प्रत्येकाने आपला आकडा स्वतः म्हणायचा. मित्राचा आकडा दुसऱ्याने म्हटला तर पुन्हा पहिल्यापासून.

पाचवी-सहावीला आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आठवी-नववीला दहामागे एक. आलेल्या पालकांना काम द्या; नुसते आलेले पालक मोबाईलवर फोटो काढत पुढे जातात आणि पक्षी उडवतात.

७. काठावरचे दोन तास

गाडी काठापासून लांब, २०० मीटरवर तरी थांबवा. इंजिन बंद, हॉर्न नाही, शिट्टी नाही. काठापासून दोन मीटरची रेघ, आणि ती आखलेली हवी: दोरी टाका किंवा चुना मारा. 'काठाजवळ जाऊ नका' हे मुलांना कळत नाही, रेघ कळते.

पहिली दहा मिनिटं काहीच करायचं नाही. बसायचं. लिहायचं नाही, बोलायचं नाही. आपण आल्यावर दूर सरकलेले पक्षी याच दहा मिनिटांत परत जवळ येतात. शिक्षकांना हे अवघड जातं, मुलांना जमतं.

मग कागद. रकाने पाचच: वेळ, जागा (उघडं पाणी, उथळ, चिखल, पाणकणीस, झाड, आभाळ), किती, काय करतोय, आणि चोच-पायांचं चित्र. नावाला रकाना नाही, जागा मुद्दाम शेवटी, कागदाच्या कडेला. मूल धावत येऊन 'सर, हा कुठला?' विचारतं तेव्हा लगेच नाव सांगू नका. तीन गोष्टी विचारा: पाय कुठपर्यंत बुडालेत, चोच कशी हलतेय, एकटा की थव्यात. नाव मिळालं की बघणं संपतं.

पाय-खोली हा प्रश्न घेतला असेल तर एकाच पट्ट्यात उभे राहिलेले पक्षी काठाकडून आत अशा क्रमाने बघा. अगदी कडेला, ओल्या चिखलावर तुतवार, शेपूट सारखं वरखाली करत. थोडं आत शेकाट्या, काडीसारख्या लाल पायांवर, चोच सुईसारखी टोचत. आणखी आत चमचा नावाचा पक्षी. तो टोचत नाही, चपटी चोच अर्धवट उघडून पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो. मुलांना तो 'भात ढवळतोय' असं वाटतं, आणि ते वर्णन कागदावर तसंच राहू द्या. मुग्धबलाक दिसला तर चोचीच्या मधली फट दुर्बिणीतून दाखवा: गोगलगायी पकडायला त्याला ती उपयोगी पडते.

मोठा थवा एकेक मोजू नका. दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा, आणि तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते मोजा. तीन मुलांनी स्वतंत्र मोजायचं, तिन्ही आकडे लिहायचे. १८०, २२०, २१० आले तर उत्तम. एकाने ६०० लिहिलं तर खोडायला लावू नका, त्याच्याकडून परत मोजून घ्या.

दर ३५ मिनिटांनी गट पुढच्या जागी. सव्वादहाला काठ सोडायचा. ऊन चढलं की हवा पाण्यावर थरथरते, दुर्बिणीत चित्र वितळल्यासारखं दिसतं, आणि मुलांचीही शांतता संपलेली असते.

सावधान: मधमाशा उठल्या तर ओरडू नका, हात हलवू नका, पाण्यात उडी नको. स्वेटर डोक्यावरून तोंडावर ओढून गाडीकडे पळा, दारं-खिडक्या बंद. सर्पदंश झाला तर मूल झोपवून चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर शाळेच्या गाडीनेच निघा.

८. गावतलावावर जाणार असाल तर

विसर्जनाचा घाट सोडून काठ निवडा. तिथे गाळात मूर्तींच्या तारा, खिळे आणि काचा असतात.

पिठाची जुनी चाळणी दीड मीटरच्या बांबूला तारेने घट्ट बांधा. पांढऱ्या ट्रेमध्ये तलावाचंच पाणी दोन-तीन सेंटीमीटर घ्या. नळाचं नको, त्यातल्या क्लोरीनने जीव मरतात. एक मोठं माणूस पाणवनस्पतींच्या कडेने चाळणी तीन-चार वेळा ओढतं आणि ट्रेमध्ये उलटी करतं. मग दोन मिनिटं हात लावायचा नाही. गाळ खाली बसतो आणि जे हलतं ते दिसायला लागतं.

चमच्याने उचलून बर्फाच्या ट्रेच्या खणांत वेगळं करा. मागे तीन पानांसारख्या शेपट्या असतील तर टाचणीचं (चतुरासारख्या बारीक कीटकाचं) पिल्लू. त्या नसतील आणि अंग जाड असेल तर चतुराचं. लाल बारीक अळ्या दिसल्या तर त्यांच्या रंगाचं कारण हिमोग्लोबिन. प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. त्या खूप आणि दुसरं काही नाही, असं असेल तर सांडपाणी कुठून येतंय ते बघा. मोठे चपटे पाणकिडे हाताने उचलू नका, जोरात चावतात.

तापमान घेताना थर्मामीटर दहा सेंटीमीटर खोल दोन मिनिटं ठेवा आणि फुगा पाण्यात असतानाच वाचा. बाहेर काढून वाचला की वाऱ्याने आकडा उतरतो. ही चूक विज्ञानाचे शिक्षकही करतात.

ट्रे सावलीत, वीस मिनिटांच्या वर नाही. मग सगळं जिथून घेतलं तिथेच परत. त्यानंतर डब्याआधी साबणाने हात, कोपरापर्यंत. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असलेल्या मुलाने ट्रेपाशी बसावं, चिखलात उतरू नये.

९. दुसऱ्या दिवशी, पहिल्याच तासाला

निबंध नको. आठवडाभर थांबायचंही नाही, कारण कागदावरचं 'लांब पाय, पांढरा, दोन' हे कशाबद्दल होतं ते मुलं चार दिवसांत विसरतात. सगळ्या गटांचे कागद फळ्यावर एकत्र मांडा. एका गटाने शेकाट्या लिहिला आणि दुसऱ्याने त्याच वेळी, त्याच जागी टिटवी, तर दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पायांचा रंग विचारा: लाल की पिवळा? वाद मुलांनाच सोडवू द्या. न सुटलेला पक्षी 'अनोळखी' म्हणून तसाच ठेवा.

मग फळ्यावर काठाचा आडवा छेद काढा, झाडापासून उघड्या पाण्यापर्यंत, आणि प्रत्येक पक्षी जिथे दिसला तिथे संख्येसकट लिहा. प्रश्नाचं उत्तर त्या चित्रातून येतं किंवा येत नाही, दोन्ही चालतं.

यादीची एक प्रत वन परिक्षेत्र कार्यालयाला, तारीख-वेळेसह. पुढच्या वर्षीचा अर्ज त्याच पत्राच्या संदर्भाने करायचा, तीच जागा आणि शक्यतो तोच आठवडा धरून.